सड्यावरचं पाणी : पाणथळ जागा ओळखायच्या कशा आणि त्यांचे प्रकार कसे पाडायचे?



"पाणथळ जागा म्हणजे काय?" असं वर्गात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "जिथे पाणी साचतं ती जागा." आपण "बरोबर" म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण हे उत्तर अर्धंच आहे. नळाखाली साचलेलं डबकं पाणथळ आहे का? भाताचं खाचर? मे महिन्यात तव्यासारखा तापलेला कातळ पाणथळ असू शकतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं आहे आणि कोकणातल्या शाळांसाठी तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या सड्यांखाली बॉक्साइट सापडतं. सिंधुदुर्गात रेडी, कळणे इथे लोहखनिजाच्या खाणी झाल्या. खाणीचा नवा प्रस्ताव आला की पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो. त्यात खाणपट्ट्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरपर्यंतचा परिसर अभ्यासायचा असतो आणि जमिनीचा वापर दाखवताना जंगल, शेती, चराऊ रान, वस्ती यांच्यासोबत पाण्याच्या जागाही दाखवायच्या असतात. आता जी जागा "पाण्याची" म्हणून ओळखली गेली ती नकाशावर निळी होते. जी ओळखलीच गेली नाही तिच्यावर काय परिणाम होईल हा प्रश्नच कुणी विचारत नाही. म्हणून ओळखणं आणि वर्गीकरण करणं हे नुसतं परीक्षेपुरतं काम नाही.

व्याख्या आधी पाहू

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावात पाणथळ जागांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. या करारातली व्याख्या खूप मोठ्या मनाची आहे. दलदल, चिखलाट किंवा पाण्याची जागा. नैसर्गिक असो वा माणसाने केलेली. कायमची असो वा तात्पुरती. पाणी साचलेलं असो वा वाहतं. गोडं, मचूळ किंवा खारं. समुद्राच्या बाजूला ओहोटीच्या वेळी ६ मीटरपेक्षा खोल नसलेला भागही त्यात येतो. मुलांना यातला "तात्पुरती" हा शब्द अधोरेखित करायला सांगा. आपला सगळा विषय त्या एका शब्दावर उभा आहे.

२ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. शाळांना त्या दिवशी उपक्रम घ्यायला सांगतात आणि गंमत म्हणजे आमच्या सड्यांवर त्या दिवशी पाण्याचा थेंब नसतो!

तीन साक्षीदार

पाणी दिसत नसतानाही जागा पाणथळ आहे हे कसं कळणार? जगभरातले अभ्यासक यासाठी तीन साक्षीदार तपासतात : पाणी, माती आणि वनस्पती.

पाण्याचा प्रश्न "आज आहे का?" असा नसतो. "वर्षातून सलग किती दिवस राहतं?" असा असतो. अमेरिकेत वापरतात त्या नियमांमध्ये एक सोपं माप आहे. झाडं वाढायच्या दिवसांत सलग १४ दिवस किंवा जास्त पाणी जमिनीवर किंवा वरच्या साधारण ३० सेंटिमीटरच्या आत असलं पाहिजे. नळाखालचं डबकं इथेच बाद होतं, नळ बंद केला की दोन दिवसांत संपलं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इथे खोलगट कातळावर १४ दिवस सोडा, तीन-तीन महिने पाणी हटत नाही.

माती हा मला सगळ्यात आवडणारा साक्षीदार, कारण तो उन्हाळ्यातही बोलतो. लोखंडाला गंज चढायला हवा लागते, हे मुलांना खिळ्याच्या प्रयोगातून माहीत असतं. मातीतही लोह असतं. हवा खेळती असेल तर ते तांबडं-पिवळं दिसतं. माती बराच काळ पाण्याने भरून राहिली की हवा संपते, लोहाचं रूप बदलतं आणि माती राखाडी, निळसर होते. मग मुळांच्या वाटेने थोडी हवा आत शिरते आणि तेवढ्याच ओळीत गंजाच्या रेघा उठतात. हे बघायला कुठे लांब जायला नको. भाताच्या खाचरात कापणीनंतर वीतभर खणा, राखाडी ढेकळात मुळांभोवती तांबूस नळ्या दिसतील. कधी कधी सडक्या अंड्यासारखा वासही येतो. मुलं नाक दाबतात, पण विसरत नाहीत.

तिसरा साक्षीदार वनस्पती. पाण्यात उभ्या झाडाच्या मुळांना हवा मिळत नाही, म्हणून अशा वनस्पतींनी आपापल्या युक्त्या केलेल्या असतात. कमळाचा देठ आडवा कापून दाखवा, आत भोकंच भोकं. तो हवेचा नळ आहे. अभ्यासक वनस्पतींचे पाच गट करतात : जवळजवळ नेहमी पाणथळ जागीच वाढणाऱ्या, बहुतेक वेळा पाणथळ जागी, दोन्हीकडे सारख्याच, बहुतेक कोरड्या जागी आणि जवळजवळ नेहमी कोरड्या जागीच. पहिल्या टोकाला कमळ, शेवटच्या टोकाला करवंद असं सांगितलं तर चौथीतल्या मुलालाही गट पाडता येतात. एखाद्या जागेत पहिल्या दोन गटांतल्या वनस्पतींचंच राज्य असेल तर पाणी आटलेलं असतानाही संशय घ्यायला जागा आहे.

सड्यावर मात्र गोष्ट जरा वेगळी

वरचे तीन साक्षीदार खाचराला, तळ्याला, खाडीला चांगले लागू पडतात. सड्यावर त्यातला एक जवळजवळ मुका होतो. जांभा मुळातच लोहाने लालभडक. त्यावर मातीचा थर बोटभर, कुठे कुठे तोही नाही. तिथे राखाडी माती शोधत बसलात तर बहुतेक ठिकाणी काही हाती लागणार नाही आणि "हे पाणथळ नाही" असा चुकीचा निकाल लागेल. म्हणून सड्यावर भिस्त ठेवायची ती पाणी किती दिवस टिकतं यावर आणि वनस्पतींवर.

वनस्पती तिथे भरभरून बोलतात. श्रावण-भाद्रपदात पातळ पाण्याच्या चादरीवर निळी-जांभळी सीतेची आसवं उगवतात. पांढऱ्या बटणांसारखे गेंद दाटीने उभे राहतात. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब उन्हात चमकतात. यातली सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पती आहेत. या धुपलेल्या जमिनीत नत्र फार कमी, म्हणून ती कसर त्या किड्यांवर भागवतात. सीतेच्या आसवांचे सापळे म्हणजे अगदी बारीक फुगे, भिंगाशिवाय दिसत नाहीत. गणपतीच्या फुलोऱ्यासाठी सड्यावर जाणाऱ्या मुलांना ही फुलं माहीत असतात. "हीच पाणथळाची खूण" हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

प्राणीही याच वेळापत्रकावर जगतात. आंबोलीचा वाघासारख्या पट्ट्यांचा भेक २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंदवला. त्याची अंडी-पिल्लं कातळावरच्या उथळ, तात्पुरत्या पाण्यात होतात. त्याच्यासाठी बारमाही तळं काही कामाचं नाही, तिथे पिल्लं खाणारे मासे असतात. सड्यावरच्या काही डबक्यांत पाठीवर पोहणारे इवलेसे पारदर्शक कवचधारी जीव दिसतात. त्यांची अंडी पुढच्या पावसापर्यंत सुक्या गाळात पडून राहतात. म्हणजे मे महिन्यात कोरडा दिसणारा खळगा रिकामा नसतो.

आता यातली अडचण बघा. सातबाऱ्यावर अशा कातळाची नोंद बहुधा "पोटखराब" अशी असते, म्हणजे पिकाला निरुपयोगी. जमिनीच्या नकाशात तो "खडकाळ पडीक" या रंगात जातो. आणि खाणीच्या अहवालासाठी हवा, पाणी, माती, वनस्पती, प्राणी यांची माहिती एका ऋतूत गोळा केली तरी चालते, तो ऋतू पावसाळा सोडून! उन्हाळा, हिवाळा किंवा पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने. ज्या जागेचं सगळं आयुष्य जून ते ऑक्टोबरमध्ये घडतं तिची पाहणी मार्च ते मे मध्ये झाली तर पाहणी करणारा प्रामाणिक असला तरी "ओसाड खडक" असंच लिहिणार. यात कुणी खोटं बोलतंय असं समजायची गरज नाही, वेळच चुकीची आहे. (याच "ओसाड" सड्यांवर आपल्या पूर्वजांनी कातळशिल्पं कोरून ठेवली आहेत, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

प्रकार कशावरून पाडायचे?

वर्गीकरणाच्या तीन पद्धती सांगते. पहिल्या दोन पाठ करण्यासारख्या, तिसरी समजून घेण्यासारखी.

रामसर करारात पाणथळ जागांचे ४२ प्रकार आहेत. ते सागरी व किनारी, भूभागावरचे आणि मानवनिर्मित अशा तीन मोठ्या कप्प्यांत बसतात. आपल्याकडे अहमदाबादच्या इस्रोच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचा पाणथळ नकाशासंग्रह केला, तो २०११ मध्ये आला. त्यात १९ प्रकार आहेत आणि चार कप्पे : भूभागावरचे नैसर्गिक, भूभागावरचे मानवनिर्मित, किनारी नैसर्गिक, किनारी मानवनिर्मित. मुलांकडून गावातल्या जागांची यादी करून घ्या आणि या चार कप्प्यांत टाकायला सांगा. खाडी, कांदळवन, मिठागर, पाझर तलाव, देवळाचं तळं, व्हाळ… भांडणं होतील. खाजण कुठे टाकायचं? किनारी खरं, पण बांध माणसाने घातलेला. होऊ देत भांडणं, तिथेच शिक्षण होतं.

तिसरी पद्धत पाणी कुठून येतं यावर आधारलेली आहे. पावसाचं थेट, जमिनीखालून झऱ्याचं, नदीच्या पुराचं की भरतीचं? खाणीच्या दृष्टीने हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा. कसं ते बघा.

जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेल्या पावसाचा एक भाग वर खळग्यांत साचतो, एक भाग भोकांतून, भेगांतून खाली झिरपतो. खाली चिकणमातीसारखा घट्ट थर लागला की पाणी अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला, पायथ्याला झरा होऊन बाहेर पडतं. कोकणातल्या कितीतरी वाड्या अशा झऱ्यांवर आहेत. आता वर्गीकरण करा. सड्यावरचा खळगा पावसावर चालणारा, पायथ्याची दलदल झऱ्यावर चालणारी. वर खाण झाली तर खळगा खोदकामातच जातो, ते सगळ्यांना दिसतं. पायथ्याची दलदल खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर असते, तिला कुणी हात लावत नाही. पण तिचं पाणी ज्या दगडातून यायचं तो दगडच उचलून नेला तर? शिवाय खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यात भरणारं पाणी पंपाने उपसावं लागतं आणि आजूबाजूची पातळी खड्ड्याकडे उतरते. फक्त "तळं" किंवा "दलदल" असं नाव लिहून ठेवलं तर हे कळत नाही. "झऱ्यावर चालणारी दलदल" असं लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथे रानजायफळाची अशी दलदल आहे. चिखलात हवा मिळत नाही म्हणून तिथल्या झाडांची मुळं गुडघा दुमडल्यासारखी वर येतात आणि परत आत जातात. गोव्यात सत्तरीतल्या भुईपाल इथल्या निरंकाराच्या राईतही अशीच दलदल आहे. देवाची राय म्हणून लोकांनी कुऱ्हाड लावली नाही, त्यामुळे ती राहिली. बांबर्ड्याची जागा आता जैवविविधता वारसा स्थळ आहे. क्षेत्र किती? २.५९ हेक्टर.

सव्वादोन हेक्टरची चाळणी

हा आकडा मुद्दाम दिला. वर सांगितलेला देशाचा नकाशासंग्रह १:५०,००० प्रमाणावर केलेला आहे. त्या कागदावर ३ मिलिमीटर लांब-रुंद चौकोन म्हणजे जमिनीवर १५० मीटर बाय १५० मीटर, म्हणजेच २.२५ हेक्टर, साधारण साडेपाच एकर. (सातवी-आठवीच्या मुलांना प्रमाणाचं हे गणित जरूर घाला, पुस्तकातल्यापेक्षा जिवंत आहे.) त्याहून मोठ्या २,०१,५०३ जागांची हद्द नकाशावर आखली गेली. त्याहून लहान ५,५५,५५७ जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या. म्हणजे दर चार पाणथळ जागांपैकी जवळजवळ तीन ठिपक्यातच राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षणाचा आदेश दिला तो त्या मोठ्या २,०१,५०३ जागांना, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासायला सांगितलं तेही सव्वादोन हेक्टरवरच्या जागांबाबत. बांबर्ड्याची दलदल या चाळणीच्या जेमतेम वर आहे, पण ती झाडांच्या छताखाली, उपग्रहाला वरून जंगलच दिसणार. सड्यावरचे खळगे तर बहुतेक काही गुंठ्यांचे. एकेक धरला तर ते चाळणीतून गळतात. सगळा सडा एकच पाणथळ संकुल म्हणून धरला तर चित्र बदलतं. कसं धरायचं हा वर्गीकरणाचाच निर्णय आहे.

व्याख्येबाहेर गेलं म्हणजे पाणी गेलं का?

पाणथळ जागांबाबत केंद्र सरकारचे नियम २०१० मध्ये आले, २०१७ मध्ये नवे आले. २०१७ च्या नियमांत नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव, मिठागरं, मत्स्यशेतीची तळी यांना व्याख्येतून वगळलं आहे. रामसरच्या व्याख्येत मात्र यातलं बरंच काही बसतं. त्यामुळे कुणी "इथे नियमानुसार पाणथळ नाही" म्हणालं तर त्याचा अर्थ "इथे पाणथळ नाही" असा होत नाही. वनजमीन, अभयारण्यं आणि किनारी क्षेत्रं या नियमांखाली येत नाहीत, कारण त्यांना वेगळे कायदे लागू आहेत. कांदळवनाचा प्रश्न असेल तर किनारी नियमांकडे जायचं, इथे नाही.

व्याख्येने किती फरक पडतो याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. जॉर्जिया राज्यात ओकेफेनोकी नावाची अफाट दलदल आहे, तिचं संरक्षित क्षेत्र चार लाख एकरांहून जास्त. तिच्या पूर्वेला वाळूचा लांबलचक उंचवटा आहे, तो बांधासारखं काम करतो. त्या वाळूत टायटॅनियमची खनिजं आहेत म्हणून एका कंपनीने तिथे खाण प्रस्तावित केली. २०२० मध्ये केंद्राच्या कायद्याखाली कोणत्या पाणथळ जागा येतात याचा नियम बदलला आणि त्या खाणीच्या जागेतली शेकडो एकर पाणथळ जमीन एका फटक्यात त्या परवानगीच्या कक्षेबाहेर गेली. पाणी तेच, झाडं तीच, मातीही तीच होती! पुढे बरीच उलटसुलट झाली आणि अखेर २०२५ मध्ये एका संवर्धन संस्थेने ती जमीन विकतच घेतली. आपल्याकडे सड्यासाठी असे पैसे घेऊन कोण येणार?

वर्गातून काय करता येईल

खाणीच्या प्रस्तावावर जनसुनावणी होते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तिथे कुणीही गावकरी बोलू शकतो, लेखी देऊ शकतो. बाजूने बोलायचं की विरोधात, ते ज्याचं त्याने ठरवावं. गावात रोजगाराचा प्रश्नही खराच असतो आणि शाळेने मुलांना कुणाच्या बाजूला उभं करू नये असं माझं मत आहे. पण "आमच्या सड्यावर पाणी असतं" हे मोघम वाक्य आणि "अमुक गट नंबरमधल्या खळग्यात २० जून ते ८ ऑक्टोबर पाणी होतं, ही त्याची मोजमापं" हे वाक्य यात मोठा फरक आहे. दुसरं वाक्य शाळा तयार करू शकते, दोन्ही बाजूंना ते उपयोगी आहे.

पाच-सहा खळगे निवडा, त्यांना क्रमांक द्या. दर शनिवारी एक मोठा माणूस सोबत घेऊन जा. शेवाळलेला कातळ भयंकर निसरडा असतो आणि विजा चमकत असताना सड्यावर थांबायचंच नाही, हे पालकांनाही सांगून ठेवा. फूटपट्टीने पाण्याची खोली, पावलांनी लांबी-रुंदी, कोणती फुलं, बेडकांची अंडी आहेत का, गुरं पाण्याला येतात का, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. फुलं उपटायची नाहीत, फोटो काढायचा, मोबाइलमधलं ठिकाण चालू ठेवून. पायथ्याचे झरे आणि विहिरी यांचीही तीच नोंद जानेवारी ते मे चालू ठेवा. सड्यावरचं पाणी संपल्यावर खालचा झरा किती महिने टिकतो, हे या दोन तक्त्यांतूनच कळेल.

वही शाळेच्या कपाटात ठेवू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. आपल्या नोंदी ग्रामसभेत वाचून त्या नोंदवहीत घालून घ्या, तारखेसह. स्थानिक नावं तशीच लिहा, व्हाळ, कोंड, तळी, जे गाव म्हणतं ते. शास्त्रीय नाव माहीत नसेल तर फोटो चिकटवा, नंतर जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे शिक्षक ओळखून देतात.

आणि एक बारीकशी गोष्ट. खोली दर वेळी खळग्यातल्या एकाच दगडापाशी मोजायची, म्हणून त्या दगडावर खूण करून ठेवा. चुन्याची नको, ती पहिल्याच पावसात जाते. ऑइल पेंटची करा.